झारीची पोरं

देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या वेळी पाण्याला दोन रंग येतात. खाडीचं मातकट पाणी बाहेर पडून समुद्राच्या हिरव्या पाण्याला टेकतं आणि दोघांच्या मधे फेसाची एक वाकडी रेघ उमटते. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी महिन्यातून दोनदा त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे जाळी ओढायला जायचे. जाळी म्हणजे मच्छीमाराची नव्हे. नायलॉनच्या कापडाचं एक लांबट नरसाळं, छिद्रं मिलिमीटरच्या पाव भागाएवढी, शेवटाला एक बाटली. होडी ज्यांची होती त्या काकांना सुरुवातीला त्या जाळीची फार गंमत वाटायची. "काय गो बाय, ह्या फडक्यान किती मासो मारतलंस?" असं ते दर खेपेला विचारायचे.

जानेवारीतल्या एका सकाळी बाटली वर आली ती वेगळीच दिसली. पाणी नेहमीसारखं तांबूस, गढूळ नव्हतं. ते साबुदाण्याच्या पेजेसारखं दाट झालं होतं आणि हलवलं की उगाच थरथरायचं. मी ती बाटली सूर्यासमोर धरली. आत शेकडो लहान लहान घंटा होत्या. कुणी मुगाएवढी, कुणी तुरीएवढी. काचेसारख्या आरपार, आणि प्रत्येक घंटा आपल्या ठेक्यात मिटत-उघडत होती. काकांनी वाकून पाहिलं आणि लगेच निर्णय दिला, "ही झारीची पोरां. मोठी झाली की जाळी भरतली."

झार म्हणजे आमच्याकडची जेलीफिश. ताटाएवढी, परातीएवढी, जाळ्यात शिरली की जाळं फाडणारी, अंगाला लागली की दिवसभर आग आग करणारी. मी मान डोलावली. मलाही तेव्हा मनातून तसंच वाटत होतं, हे आज लिहायला हरकत नाही. पुस्तकात वाचलेलं आणि हातातल्या बाटलीत दिसणारं यांची गाठ पडायला वेळ लागतो.

ती झारीची पोरं नव्हती. ती पूर्ण वाढ झालेली प्रौढ माणसं होती, असंच म्हणते. त्यांच्यात नर होते, माद्या होत्या, अंड्यांनी भरलेल्या होत्या. परातीएवढ्या झारी वेगळ्या कुळातल्या. या घंटा हायड्रोझोआ नावाच्या कुळातल्या, हायड्रोमेडुसा. बहुतेक जातींची सगळी वाढ काही मिलिमीटरांत, फार तर दोन-तीन सेंटिमीटरांत संपते. ओळखायची खूण घंटेच्या तोंडाशी असते: कडेपासून आत वळलेला एक पातळ पडदा, मधे गोल भोक. घंटा आकसली की पाणी त्या अरुंद भोकातून जोरात बाहेर फेकलं जातं आणि प्राणी पुढे उसळतो. मोठ्या झारींना हा पडदा नसतो. जगात हायड्रोमेडुसांच्या शेकडो जाती आहेत आणि समुद्रावर वर्षानुवर्षं जाणाऱ्या माणसानेही त्यांतली एकही कधी पाहिलेली नसते, कारण पाण्यात पाण्याच्याच रंगाचं काही दिसत नाही.

प्रयोगशाळेत तर आणखी कठीण. नमुना फॉर्मलिनमध्ये टाकला की जेली आकसते, सुरकुतते, सोंडा गळून पडतात. काळ्या कागदावर काचेची ताटली ठेवायची, दिवा वरून न लावता बाजूने तिरका लावायचा, आणि ताटली बोटाने अगदी थोडी कलती करायची. मग आधी घंटा दिसतच नाही. दिसतात चार पांढुरके ठिपके, एकाच अंतरावर, एकत्र हलणारे. ती तिची अंडाशयं किंवा वृषणं. त्या चार ठिपक्यांच्या भोवती मग डोळा हळूहळू वर्तुळ शोधतो. सुई लावायची नाही, फाटते. ड्रॉपरचं टोक कापून तोंड रुंद केलं की त्यात ती पाण्यासकट उचलता येते. आमच्या सरांनी मला पहिल्या दिवशी दाखवलेली युक्ती हीच. कोळंबीची पिल्लं, कोपेपॉड म्हणजे कोळंबीच्या नात्यातले चिमुकले जीव, माशांची अंडी यांचे रकाने तक्त्यात आधीपासून आखलेले होते. जेलीसाठी एकच रकाना होता, "इतर". मी सरांना विचारून तो रकाना खोडला आणि त्याचे अकरा केले. आयुष्यात मी केलेल्या फार थोड्या गोष्टींचा मला अभिमान आहे, त्यांत ही एक आहे.

आता ही मंडळी येतात कुठून आणि जातात कुठे, हा खरा प्रश्न. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, माझंही काम बंद. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा जाळी टाकली तेव्हा कर्लीचं पाणी जिभेला जवळजवळ गोड लागत होतं आणि बाटलीत एकही घंटा नव्हती. सप्टेंबरात नाही. ऑक्टोबरच्या शेवटी दोन-चार. डिसेंबर-जानेवारीत बाटली दाटून यायची, आणि मग पुन्हा कमी. जणू कुणी दार उघडतं आणि लावतं.

त्या दाराची गोष्ट वाचताना मला मार्ता वानुची भेटल्या. १९२१ मध्ये फ्लॉरेन्सला जन्मलेल्या, लहानपणीच ब्राझीलला गेलेल्या, पुढे साओ पावलोच्या महासागर संस्थेच्या संचालक झालेल्या या बाईंचा अभ्यासाचा विषय होता हायड्रोमेडुसा. ब्राझीलच्या किनाऱ्यावर काम करताना त्यांनी १९५७ मध्ये दाखवलं की या चिमुकल्या घंटा पाण्याच्या वेगवेगळ्या राशींबरोबर हिंडतात. किनाऱ्यालगतच्या पाण्यातल्या जाती वेगळ्या, उबदार खुल्या प्रवाहातल्या वेगळ्या. म्हणजे बाटलीत कोण आलं हे पाहून ते पाणी कुठलं हे सांगता येतं. पत्रावरचा शिक्का पाहून गाव ओळखावं तसं.

साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांच्या बोटींनी एकाच मापाची जाळी दोनशे मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत उभी ओढली आणि प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांचे, ते नमुने निवडायला कोचीला एक केंद्र उभं राहिलं. युनेस्कोमार्फत वानुची तिथे आल्या. नमुन्यांच्या त्या राशीत बसून त्यांनी आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी हिंदी महासागरातल्या हायड्रोमेडुसांचे नकाशे तयार केले. १९७० मध्ये त्यांचा, व्ही. शांताकुमारी यांचा आणि आणखी एका सहकाऱ्याचा कोची परिसरातल्या हायड्रोमेडुसांच्या परिसंस्थेवरचा निबंध छापून आला. मला ग्रंथालयात त्याची झेरॉक्स मिळाली, कडा काळ्या झालेली. कर्लीतलं माझं दार तिथे कोचीच्या कायलात, म्हणजे तिथल्या खाडीत, आधीच उघडत-मिटत होतं. पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी भरलं की खाडी रिकामी होते, खारेपणा परतला की एकेक जात आपापल्या सोसण्याच्या क्रमाने परत येते. शांताकुमारी पुढे अनेक वर्षं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कोची केंद्रात याच प्राण्यांवर काम करत राहिल्या. नव्वदच्या दशकात मुंबई बंदर, ठाणे-वसईची खाडी आणि धरमतर इथल्या हायड्रोमेडुसांची नोंद झाली तीही त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या हातून. धरमतरची खाडी ओलांडून अलिबागला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की त्या चिखलाच्या पाण्यातल्या घंटा कुणी तरी एकेक करून मोजल्या आहेत!

वानुची नंतर खारफुटीकडे वळल्या आणि त्यांचं नाव आज जास्त करून खारफुटीसाठी घेतलं जातं. मला मात्र त्या घंटा मोजणाऱ्याच आठवतात.

पण खारेपणा आला म्हणून घंटा येतात, एवढ्याने माझं समाधान झालं नव्हतं. खारं पाणी समुद्रातून आलं, ठीक. त्या पाण्याबरोबर सगळ्या घंटाही आल्या का? काही खरंच तशाच येतात. लिरिओपी नावाची एक आहे. तिच्या घंटेच्या मधून लोलकासारखा एक लांब दांडा खाली लोंबतो, आणि त्याच्या टोकाला तोंड. देवळातल्या घंटेची अचूक प्रतिकृती, फक्त लोलकच इकडेतिकडे वळून भक्ष्य टिपतो. अ‍ॅग्लॉरा उंच नळकांड्यासारखी, उडी मारल्यागत पोहणारी. सॉलमुंडेलाला दोनच सोंडा, आणि त्याही तोंडाकडून न निघता डोक्यावरून निघून हरणाच्या शिंगांसारख्या वर ताठ. या तिघींचा जन्म, वाढ, मरण सगळं पाण्याच्या मध्यावर होतं, तळाशी त्यांचं काही काम नाही. म्हणून त्या खुल्या समुद्रात दूरवर सापडतात. एकदा लिरिओपी मला जेटीच्या अगदी आत सापडली, त्या दिवशी खारेपणाही नेहमीपेक्षा वर होता. भरतीने बाहेरचं पाणी आतपर्यंत आणून सोडलं होतं आणि पाण्याने आपला शिक्का सोबत आणला होता.

बाकीच्या बहुसंख्य जातींचं तसं नाही. आणि इथेच तो ओबेलिया येतो, ज्याची आकृती प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेसाठी काढलेली आहे. एक फांद्यांचं झुडूप, फांद्यांच्या टोकाला पेले, काही पेल्यांत सोंडांची फुलं, काही लांबट कुप्यांत गोल गोल कळ्या. मीही ती आकृती इतक्या वेळा काढली होती की ओबेलिया हा वहीतच राहणारा प्राणी आहे अशी माझी समजूत झाली होती. प्रत्यक्षात ते झुडूप बोटाच्या पेराएवढं किंवा त्याहून लहान असतं आणि दगडावर, शेवाळावर, दोरखंडावर, जेटीच्या खांबावर, होडीच्या बुडाला वाढतं. पाहणाऱ्याला ती तपकिरी लव वाटते. पेल्यांतली सोंडांची फुलं म्हणजे पॉलिप; ते चारा खातात, सगळ्या वसाहतीला पोसतात. कुप्यांतल्या कळ्या पिकून सुटतात आणि त्या म्हणजे आपल्या घंटा. घंटा पोहत पोहत दूर जातात, अंडी-शुक्र पाण्यात सोडतात, त्यातून केसाळ, तिळाहून लहान अळी होते, ती तळाला जाऊन चिकटते आणि तिचं पुन्हा झुडूप होतं.

तर मी महिनोन्‌महिने मोजत होते ती फुलं. झाड मी पाहिलंच नव्हतं.

हे लक्षात आलं तेव्हा नकाशाचा अर्थच बदलला. कुठली हायड्रोमेडुसा कुठे सापडते या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी तिच्या झाडाला चिकटायला काय मिळतं यात आहे. म्हणून या जाती किनाऱ्याशी, खाडीशी, उथळ पाण्याशी बांधलेल्या. पावसात घंटा मरतात, वाहून जातात, पण झाड कुठे जातं? काही जातींचं झाड आपली फुलं आणि फांद्या टाकून देतं आणि फक्त मुळासारखे धागे पृष्ठभागाला धरून थांबतं. पाणी पुन्हा सोसण्याजोगं झालं की त्याच धाग्यांतून नवे कोंब. सड्यावरचं गवत उन्हाळ्यात मेल्यासारखं दिसतं ना, तसं. काही जातींचं झाड तर शिंपल्याच्या पोटात असतं. शांताकुमारींनी १९७० मध्ये वर्णन केलेल्या युटिमा कमेन्सॅलिस या जातीच्या नावातच ते सांगितलेलं आहे, दुसऱ्याच्या ताटात जेवणारी. शिंपला पाणी ओढतो, त्याच पाण्यातला चारा पॉलिप टिपतो, आणि वेळ आली की शिंपल्याच्या उघड्या फटीतून घंटा बाहेर. कालवं फोडून खाणाऱ्या आपण लोकांनी किती वेळा हे झाड सुरीने बाजूला सारलं असेल.

जहाजं आणि होड्या यांच्या बुडाला चिकटून ही झाडं समुद्र ओलांडतात. ब्लॅकफोर्डिया व्हर्जिनिका या जातीचं नाव अमेरिकेतल्या व्हर्जिनियावरून पडलं, १९१० मध्ये तिथल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन झालं. ती मूळची काळ्या समुद्राच्या बाजूची असावी असं मानतात, आणि आज ती जगभरच्या खाड्यांत आहे, भारतातल्याही. घंटेला एवढा प्रवास जमला नसता. झाडाला जमला.

आणि हे झाड घंटेला परतही घेऊ शकतं. ट्युरिटॉप्सिस डोर्नीची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. करंगळीच्या नखापेक्षा लहान घंटा. भुकेने किंवा जखमेने बेजार झाली की आकसते, तळाला बसते आणि पुन्हा पॉलिप होते. इटलीतल्या अभ्यासकांनी १९९६ मध्ये ते सविस्तर मांडलं. "अमर जेलीफिश" असं तिचं नाव पसरलं. मला त्यातलं अमरपण तितकं भावत नाही. फुलाला संकटात झाडाचा रस्ता आठवतो, हे मला पुरतं.

खाणं-पिणं हाही त्यांचा मोठाच कारभार. घंटेचा आकार पाहिला की ती कशी जेवते हे बरंचसं सांगता येतं. उंच घंटेवाल्या उसळी मारतात, मग सोंडा लांबवून निश्चल तरंगत राहतात आणि वाट पाहतात. चपट्या ताटलीसारख्या सतत हळूहळू वल्हवत राहतात, आणि त्या वल्हवण्याने पाणी ओढलं जाऊन चारा सोंडांवरून जातो. सोंडांवर दंशकोशिका: सूक्ष्म कुपी, आत गुंडाळलेला धागा. त्यांच्याच कुळातल्या हायड्राच्या दंशकोशिकेचं मोजमाप झालं आहे, तिचा बाण सुटायला सातशे नॅनोसेकंद लागतात. शिकार म्हणजे कोपेपॉड, माशांची अंडी, माशांची पिल्लं. म्हणजे ज्या चाऱ्यावर तारली-बांगड्याची पिल्लं वाढतात तोच चारा, आणि वर ती पिल्लंही. मोठ्या झारींनी जाळं भरलं की ओरड होते. एखाद्या खाडीत मुगाएवढ्या लाखो घंटांनी अंड्यांचा थर चाटून नेला तर ते कुणाला कळणारही नाही.

त्यात त्या सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. पहिल्या ओढीत शेकडो, शंभर मीटर पुढच्या ओढीत शून्य. सुरुवातीला मला वाटायचं माझंच काही चुकतंय. मग ती फेसाची रेघ आठवली. दोन पाणी भेटतात तिथे पृष्ठभागावरचं सगळं ओढलं जाऊन जमा होतं: फेस, पानं, प्लॅस्टिक, आणि दिसत नसलेल्या घंटा. काकांना ती रेघ माशांसाठी ठाऊक होती. मला ती त्यांनीच दाखवली.

एक नाव मात्र मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर मी बराच वेळ गप्प बसले होते. शंकर पुरुषोत्तम आघारकर. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेमुळे नाव माहीत होतं, वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून. जन्म मालवणचा, १८८४. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना सह्याद्रीत भटकणाऱ्या या तरुण माणसाला कृष्णेच्या खोऱ्यातल्या नद्यांमध्ये जेलीफिश सापडली. गोड्या पाण्यात, डोंगरात! नाण्याएवढी हायड्रोमेडुसाच. १९११ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी तिचं वर्णन केलं, लिम्नोक्निडा इंडिका. तोवर लिम्नोक्निडा फक्त आफ्रिकेतून माहीत होती, टांगानिका सरोवरातली. त्याच म्युझियममधले ग्रेव्हली आणि आघारकर यांनी मग तिच्या सवयींवर टिपण लिहिलं. मालवणच्या माणसाने समुद्रातली गोष्ट घाटावर जाऊन शोधली आणि मी मालवणच्या खाडीत बसून ते नाव वनस्पतींच्या खात्यात ठेवून दिलं होतं.

आणि तिचंही झाड असणार, कुठेतरी नदीच्या तळाशी चिकटलेलं.

माझं झाड मला सापडलं ते शेवटच्या हिवाळ्यात. काका ज्या लाकडी खांबाला होडी बांधायचे त्याच्यावर, ओहोटीच्या रेघेच्या खाली, तपकिरी लव होती. दर वर्षी तो खांब ते खरवडून काढत. मी ब्लेडने नखाएवढा तुकडा उचलला, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात वाटीत ठेवला आणि खोलीवर नेला. रात्री भिंगाखाली पाहिलं. वहीतली आकृती होती, फक्त हलत होती. पेल्यांतून सोंडा बाहेर, जरा धक्का लागला की आत. लांबट कुप्यांमध्ये ताटल्यांसारख्या कळ्या एकावर एक रचलेल्या, सगळ्यांत वरची आतल्या आतच धडधडत होती. मग कुपीच्या तोंडाशी ती अडकली, चुरगळलेली, झालर आत दुमडलेली. दोन-तीन झटके. बाहेर आली, क्षणभर बुडाली, झालर उलगडली आणि वाटीच्या कडेकडे पोहायला लागली. तिच्या मागे दुसरी तोंडाशी आली होती.

दुसऱ्या दिवशी वाटी आणि भिंग घेऊन मी जेटीवर गेले. काकांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मग खांबाकडे पाहिलं, मग पुन्हा भिंगातून.

"म्हणजे आवस हयच होती," ते पोरांच्या आईबद्दल म्हणाले, "आमच्याच खांबार."

भरती लागली होती. मी वाटी पाण्याजवळ नेऊन हळूच उलटी केली. पाण्यात पाणी पडलेलं दिसलं, तेवढंच.